घरातील बेगमी : गृहस्थाची आरक्खसंपदा

कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या गावी दीघजाणु नावाचा एक गृहस्थ तथागतांच्या भेटीस आला. आम्ही मुलाबाळांची, संसारी माणसे; आमच्या ऐहिक जीवनात उपयोगी पडेल असे काही सांगावे, अशी त्याची विनंती होती. तेव्हा भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता, आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि समजीविता म्हणजे आयव्यय पाहून केलेला संसार. अंगुत्तर निकायातील हे सुत्त उपासक-उपासिकांना नवे नाही. परंतु आरक्खसंपदा म्हटले की आमच्यासारख्या बँकेत नोकरी करणाऱ्यांना फक्त मुदत ठेव आठवते. ज्या घरात महिनाअखेर हातात काही उरतच नाही, त्या घराने रक्षण तरी कशाचे करावे? या प्रश्नाचे एक साधे उत्तर स्वयंपाकघरात आहे. ते म्हणजे बेगमी.

बेगमी हा शब्द आपल्या वाडवडिलांच्या घरचा नव्हे. बेगमी असे ती वाड्यातल्या कोठीत आणि बळदात. महारवाड्यात धान्य येई ते बलुत्याचे. दुसऱ्याच्या खळ्यावरचे, दुसऱ्याच्या हाताने मापलेले. किती मिळेल आणि केव्हा मिळेल हे घेणाऱ्याच्या हाती नसे. प. पू. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते या परावलंबनाविरुद्ध, आणि कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. पुढच्या महिन्याचे धान्य स्वतःच्या पैशाने आणून स्वतःच्या घरात ठेवणे, ही आपल्यातील पुष्कळ कुटुंबांत अवघ्या दोन-तीन पिढ्यांची गोष्ट आहे, हे तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता हिशेब पाहू. समजा, तूरडाळ किलोला 150 रुपये आहे आणि पावशेर घेतली तर वाणी 42 रुपये लावतो. पावशेराने नेणाऱ्याला किलो 168 रुपयांना पडतो. गंमत अशी की, हे 18 रुपये जास्त देतो तो ज्याच्या खिशात 150 रुपये एकदम नाहीत तो, म्हणजे ज्याला ते परवडत नाहीत तोच. पहिल्यांदा फक्त 108 रुपये वरचे घालून एकदम किलो आणला, आणि महिन्याला चार किलो डाळ लागत असेल, तर महिन्याला 72 रुपये वाचतात. 108 रुपयांवर महिन्याला 72 रुपये देणारी ठेव आमच्या बँकेत नाही आणि दुसऱ्याही कोणत्या बँकेत नाही. असली कोणी दाखवली तर तिथून पळ काढावा.

मात्र मोठे ते स्वस्त, हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. शाम्पूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा मापामागे स्वस्त पडते. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलिलीटरचा भाव छापलेला असतो, तो विद्यार्थ्यांनी आईबरोबर दुकानात जाऊन वाचावा. शाळेतले त्रैराशिक इथे कामी येते.

सुरुवात कशी करावी? सगळी यादी एकदम आणायला जाऊ नये. दर महिन्याच्या सामानात एकच वस्तू दुप्पट घ्यावी. पहिल्या महिन्यात मीठ आणि काडेपेट्या, ज्यांना फार पैसे पडत नाहीत आणि ज्या नसल्या तर चूल पेटत नाही. मग कपड्याचा आणि अंगाचा साबण. तो वेष्टन काढून हवेशीर वाळत ठेवला की कठीण होतो आणि जास्त दिवस पुरतो. मग डाळ, मग तेल. तांदूळ-गव्हाचा पाया रेशनवर घालावा. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत मिळते. रांगेची लाज वाटते म्हणून ते सोडून देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. सहा-सात महिन्यांत घरात एक महिन्याचा साठा आपोआप उभा राहतो, आणि त्यानंतर दरमहा खर्च पूर्वीएवढाच, किंबहुना थोडा कमीच होतो. उधारीवर मात्र बेगमी करू नये. वाण्याच्या वहीवर आणलेले धान्य आपल्या डब्यात असले तरी आपले नसते.

भीतीपोटीही करू नये. 2015 साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली तेव्हा आणखी महाग होईल या धास्तीने आम्ही दहा किलो घेऊन ठेवली. एरंडेलाचा हात दिला नाही, ऊन दाखवले नाही. पावसाळ्यात डबा उघडला तर निम्म्या डाळीला टोके लागलेले आणि पुढच्या वर्षी नवे पीक आल्यावर भाव खाली. आमच्या आईने काही न बोलता ती डाळ पाखडायला घेतली, ते बोलण्यापेक्षा जास्त लागले. तेव्हापासून आमच्या घरी तिचा नियम चालतो. डाळीला एरंडेल चोळायचे, तांदळात सुकवलेला कडुनिंबाचा पाला, बाजरीचे पीठ लवकर कडू होते म्हणून बाजरी दाण्यानेच ठेवायची आणि लागेल तशी दळायची. नवे सामान जुन्यावर ओतायचे नाही. जुना डबा रिकामा झाल्याशिवाय नवा उघडायचा नाही. डब्यावर महिना लिहिलेली कागदाची पट्टी.

आरक्खसंपदा समजावताना भगवंतांनी राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून संपत्ती राखावी असे सांगितले आहे. त्यातील पाणी काय असते ते 26 जुलै 2005 रोजी मुंबईकरांना कळले. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. खालच्या घरांतून जमिनीवर ठेवलेले धान्य गेले, फळीवरचे वाचले. साठा कंबरेच्या वर असावा, ही त्या दिवसाची शिकवण आम्ही अजून पाळतो.

भरलेल्या डब्याचा आणखी एक धोका आहे, आणि तो उंदीर-घुशींहून मोठा. डबा भरला की हात सैल सुटतो. श्रीमंत कुळे टिकत नाहीत त्याची चार कारणे अंगुत्तर निकायातच सांगितली आहेत. हरवलेले न शोधणे, जुने मोडके दुरुस्त न करणे, खाण्यापिण्याला माप नसणे आणि दुःशील माणसाच्या हाती कारभार देणे. म्हणून महिन्याचे सामान वेगळे काढून साठ्याचा डबा बंद ठेवावा.

काही बांधव विचारतात, साठा करणे म्हणजे तृष्णाच नव्हे काय? भिक्खूंना तर तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही औषधेसुद्धा सात दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. खरे आहे, पण तो विनय भिक्खूंचा. गृहस्थासाठी सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाचा, दोन उद्योगधंद्याचे आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्याचा. गृहस्थाने चौथा भाग ठेवला नाही, तर भिक्खूच्या पात्रात घालायला तरी काय उरणार? भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणारा साठेबाज वेगळा. आपला साठा खाण्याचा आहे, विकण्याचा नाही. एक महिना, फार तर दोन. त्यापुढे मात्र तृष्णेची शंका घ्यावी.

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजल्यापासून लागू झाली. मध्ये चार तास. ज्यांचे हातावर पोट होते त्यांच्या घरी दुसऱ्या आठवड्यातच पीठ संपले. आमच्या चाळीत ज्या तीन-चार घरांत बेगमी होती, ती श्रीमंतांची घरे नव्हती. एक शिवणकाम करणारी उपासिका होती. तिच्या डब्यातले तांदूळ महिनाभर शेजारच्या दोन घरांत गेले. आमच्या घरी तेव्हा आईच्या पट्ट्या लावलेले पाच डबे होते. त्यांतले तीन जिन्यावरून खाली गेले, रिकामे होऊन परत आले. आई त्यांच्यावरची पट्टी न बदलता ते पुन्हा भरू लागली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून आम्ही पाच घरे मिळून गहू घेतो. नवा गहू मार्च-एप्रिलपासून बाजारात येतो, तेव्हा दोन गोणी घाऊक बाजारातून आणतो, गच्चीवर ऊन देतो आणि विहारासमोरच्या ओट्यावर काटा मांडून वाटतो. पैसे आधी जमा करावयाचे, हिशेबाची वही फिरती ठेवावयाची, एवढेच नियम. पहिल्या वर्षी रिकाम्या गोणी कोणी न्यायच्या यावरून बराच वाद झाला. आता त्या विहाराच्या दारात पायपुसणे म्हणून जातात.