नवा रेडिओ खरखरतोय? दुकानात परत नेण्याआधी हे करून बघा

मागच्या महिन्यात चाकूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईंनी अंतर्गत कर्जातून पंधराशे रुपये घेऊन रेडिओ आणला होता. सासऱ्यांना दिसत नाही, दिवसभर एकटेच असतात, म्हणून. हप्ता भरताना त्या म्हणाल्या, "म्याडम, निस्ती खरखर यायलीय. कर्ज काढून डबडं आणलं म्हणून घरात रोज बोलणं खायलेय मी."

बैठकीनंतर त्यांच्या घरी गेले. रेडिओ पत्र्याच्या खोलीत, टीव्हीशेजारी, वर एलईडी बल्ब आणि त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर. चार्जर काढला, बल्ब आणि टीव्ही बंद केला. खरखर निम्मी झाली. सेट ओसरीत आणला तर परभणी लागलं!

चार्जर, एलईडी, इन्व्हर्टर यांतून बारीक विजेच्या लहरी निघतात आणि रेडिओ त्याही पकडतो. पत्रा आणि स्लॅबमधलं लोखंड बाहेरच्या लहरी अडवतं. म्हणून सेट खिडकीजवळ किंवा ओसरीत ठेवा आणि लाइटवर न लावता सेलवर लावून बघा. फरक लगेच कळतो. वादळात लाइट गेली, मोबाइलची रेंज गेली, तरी सेलवरचा रेडिओ चालू राहतो.

आता खरी गंमत. एफएम आणि शॉर्टवेव्हला वरची दांडी लागते. पण मीडियम वेव्ह, म्हणजे सेटवरचं 'एमडब्ल्यू', त्याला दांडीचा उपयोग नाही. त्यासाठी सेटच्या पोटात एक काळी कांडी आडवी बसवलेली असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. म्हणून दांडी नाही, अख्खा रेडिओ फिरवायचा. परभणी आकाशवाणी १३०५ वर आहे. काही सेटवर शेवटचं शून्य गाळून आकडे लिहितात, तिथे १३० च्या किंचित पुढे बघा. चाकूरहून परभणी जवळजवळ सरळ उत्तरेला. सेटचं तोंड किंवा पाठ उत्तरेकडे ठेवा. सेटची अरुंद बाजू उत्तरेला आली की आवाज सगळ्यात बारीक होतो. रात्री लांबची स्टेशनं मध्ये घुसतात, तेव्हा हीच युक्ती उपयोगी पडते.

नांदेडचं एफएम आपल्या ईशान्येला. एफएमच्या लहरी सरळ जातात, त्यामुळे सेट जितका उंचावर तितकं बरं. गच्चीवर दांडी उभी करून बघा.

सासऱ्यांची तक्रार वेगळीच होती, "बीबीसी हिंदी लागतच नाही." बाबा, ते लागणार नाही! शॉर्टवेव्हवरची ती सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. त्यात सेटचा काय दोष? शॉर्टवेव्हवर आता मराठी कमीच सापडतं, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं. तरी ऐकायचं असेल तर दिवसा मोठे आकडे (१५, १७) आणि अंधार पडल्यावर लहान आकडे (५ ते ९) शोधा. या लहरी आभाळातल्या वरच्या थरावर आपटून खाली येतात आणि तो थर दिवसा-रात्री बदलतो. बटण अगदी केसभर, सावकाश फिरवा.

आवाज तरी बारीकच असेल तर प्लॅस्टिकच्या आवरणाची पाच-सहा मीटर तार घ्या. एक टोक सोलून चिमट्याने दांडीला लावा आणि तार घरातच, खिडकीच्या बाजूने ताणा. कपडे वाळवायच्या तारेला, लाइटच्या खांबाला किंवा बाहेर झाडाला बांधू नका. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते तुम्हाला सांगायला नको. वीज त्या तारेतून घरात येऊ शकते, सेटला हात लावलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. पहिला गडगडाट ऐकला की तार काढायची, दांडी आत घालायची. सेट लाइटवर असेल तर पिनही काढायची.

सेल उतरले तरी आवाज फाटतो. बरेच दिवस लावायचा नसेल तर सेल काढून ठेवा, आतून पाझरून पट्ट्या गंजतात.

ताईंचे अजून चार हप्ते राहिलेत. ओसरीच्या फरशीवर त्यांनी खडूने चौकोन काढलाय, रेडिओ कुठे आणि कुठल्या तोंडाने ठेवायचा त्याचा. लेकरं हलवतात, आणि मग सासरे हाका मारतात.