रिव्हॉल्व्हरवरचे दोन बाण

प्रश्न : माझे पणजोबा फौजेत होते. त्यांचं रिव्हॉल्व्हर आता माझ्या काकांकडे आहे, परवाना त्यांच्याच नावावर आहे. त्यावर ‘वेब्ली’, ‘मार्क सहा’, ‘1917’, एक सहा आकडी नंबर, बारीक मुकुट आणि टोकाला टोक भिडलेले दोन बाण दिसतात. पणजोबांनी ते पहिल्या महायुद्धात वापरलं असेल का? नंबरावरून त्यांचं नाव निघेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नुसत्या नंबरावरून नाव निघत नाही. चासी नंबर गाडीची ओळख पटवतो, ती कोणी कोणी चालवली हे सांगत नाही, तसंच हे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन बाणांत आहे, पण आधी बाकीचे ठसे वाचू.

वेब्ली अँड स्कॉट ही बर्मिंगहॅमची कंपनी. तिचं मार्क सहा हे .455 बोअरचं, सहा गोळ्यांचं, सहा इंची नळीचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने 1915 मध्ये स्वीकारलं. 1917 हे ते घडवल्याचं साल. ही हत्यारं दुसऱ्या महायुद्धातही वापरात होती, त्यामुळे सालावरून पणजोबांची लढाई ठरवता येणार नाही.

मुख्य नंबर चौकटीच्या उजव्या बाजूला, सिलिंडरखाली असतो. तोच सिलिंडरवर आणि नळीवर आहे का, ते पाहा. सिलिंडरवर वेगळा निघाला, तर दुरुस्तीत तो भाग बदलला गेला असावा. मुठीच्या पट्टीवर लहान आकडे-अक्षरं असतील, तर ती बहुधा पलटणीची किंवा शस्त्रागारातल्या क्रमांकाची. त्यांना मुख्य नंबर समजू नका.

मुकुटाखाली आकडा आणि अक्षर असेल, तर तो लष्करी तपासनिसाचा शिक्का. मुकुटासोबत ‘बीव्ही’ किंवा ‘एनपी’ अशी अक्षरं असतील, तर तो बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा. 1813 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत जादा दाबाचं काडतूस उडवून बंदुकीची नळी पारखतात.

आता बाण. कावळ्याच्या पायासारखा तीन रेघांचा एकच बाण म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल. त्याच्याखाली ‘आय’ असेल, तर तो हिंदुस्थान सरकारचा. पण दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेत, याचा अर्थ सरकारने हे हत्यार सेवेतून काढून विकलं. विकलेल्या हत्याराची नागरी पारख व्हायची, म्हणून अशा रिव्हॉल्व्हरवर लष्करी शिक्क्यांशेजारी प्रूफ हाउसचे ठसेही सापडतात.

तेव्हा पणजोबांना हे पलटणीत मिळालं, असं या ठशांवरून म्हणता येत नाही. ते बहुधा नंतर कधीतरी विकत घेतलं गेलं. त्यांची नोकरी त्याने खोटी ठरत नाही. फक्त तिचा पुरावा या लोखंडात नाही. तो त्यांच्या डिस्चार्ज कागदांत शोधा. आणि रिव्हॉल्व्हर घरात कधी, कोणाकडून आलं, हे काकांच्या परवान्याच्या जुन्या नोंदींत मिळू शकेल.

एक सांगून ठेवतो. ठसे उठून दिसावेत म्हणून पॉलिश पेपर मारू नका. परवानाधारक दुकानदाराकडून हत्यार रिकामं असल्याची खात्री करून घ्या, कापसाने हलकं तेल फिरवा, टॉर्च तिरपा धरून फोटो काढा. झिजलेली अक्षरं सावलीत वर येतात. नंबर खोडणं किंवा बदलणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 8 चा भंग आहे. आणि ‘शंभर वर्षांचं, म्हणजे पुराणवस्तू’ या समजुतीवर परवाना सोडू नका. कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. नुसत्या वयावर ती मिळत नाही.