गुग्गुळाचा ताळेबंद

वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा आणि नावे यांपलीकडे माझी फारशी धाव नाही. पण सुटीत बेळगावात मामांच्या काष्ठौषधींच्या दुकानात बसत असताना एका पोत्याने मला या विषयाकडे ओढले. ते पोते गुग्गुळाचे. आमच्या गल्लीत लिंगायत शेजाऱ्यांकडे लग्न ठरले की वीरभद्राचा गुग्गुळ निघतो. आमच्या घरी मात्र गुग्गुळ म्हटले की आजीच्या संधिवाताच्या गोळ्या आठवतात. शब्द दोन्ही भाषांत एकच. तो माल येतो कोठून, हे दोन्ही घरी कोणाला ठाऊक नव्हते.

गुग्गुळ हा एका काटेरी झुडपाचा डिंक. कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान आणि पलीकडे सिंधच्या कोरड्या, खडकाळ माळांवर ते आपोआप उगवते. डिंक देण्याजोगे होण्यास त्याला आठ-दहा वर्षे लागतात. हिवाळ्यात सालीला चीर दिली की उन्हाळ्यापर्यंत डिंक थेंबाथेंबाने पाझरतो. एका झुडपामागे हंगामात साधारण 200 ते 500 ग्रॅम. चीर उथळ असेल तर झुडूप जखम भरून काढते. पण जास्त माल मिळावा म्हणून खोल घाव घालून त्यात रसायनांचा लेप भरतात. त्या वर्षी डिंक भरपूर येतो आणि झुडूप बहुधा वाळून जाते.

भांडवल आणि उत्पन्न यांची गल्लत करू नये, हा आमचा हिशेबशास्त्राचा पहिला धडा. उथळ चिरेचा डिंक म्हणजे व्याज, खोल घावाचा म्हणजे मुद्दल. तराजूला हा फरक कळत नाही. बाजार दोहोंना एकच भाव देतो. यंत्रावर आपण घसारा काढतो, झुडपाचा घसारा कोणाच्या वहीत मांडायचा?

मागणी तर वाढतच गेली. 1966 साली काशी हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा धरून सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातील चरबी उतरते असे दाखविले. (2003 साली अमेरिकेतील एका चाचणीत रुग्णांना तसा गुण आला नाही, ही गोष्ट वेगळी.) 2015 साली हे झुडूप जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदले गेले.

झाड उभे आहे म्हणजे मुद्दल शाबूत आहे, असेही नाही. गुग्गुळाच्याच कुळातले एक झाड आफ्रिकेत आहे. त्याच्या राळेला अरब लोक लुबान म्हणतात. इरिट्रियातील त्या झाडांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. न चिरलेल्या झाडांच्या बियांपैकी 80 टक्क्यांहून अधिक रुजल्या. सतत चिरलेल्यांच्या अवघ्या 16 टक्के. बियांत जायचे अन्न राळेत गेले होते.

मी वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. उथळ चिरेने हंगामाला 300 ग्रॅम धरले तर दहा हंगामांत तीन किलो. खोल घावाने तिप्पट डिंक आला असे धरले तरी एकदाच 900 ग्रॅम. मोठ्या अभिमानाने तो कागद मामांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“हिशेब बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण माळ उघडा आहे. दहा वर्षे ते झुडूप त्याच माणसाचे राहील, हे त्याला लिहून कोण देणार?”