इंजिनाला टेकू

आपल्याकडे माळवदाचा खांब कुजला की आधी तुळईला शेजारून टेकू लावतात, मगच खांब काढतात. इंजिनाचं रबरी माउंटिंग बदलणं म्हणजे तत्त्वाने हेच काम. फरक एवढाच की तुळई कुठे पळत नाही; बोटीचं इंजिन मात्र मागून प्रॉपेलरच्या दांड्याला जोडलेलं असतं आणि खाली पक्की जमीन नसते, लाकडाच्या फळ्या असतात.

शिरूर अनंतपाळच्या माणसाने बोटीवर लिहावं याचं हसू येईल. रत्नागिरी इथून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून लांब. पण तिथल्या मिरकरवाडा बंदरात हे काम जवळून पाहिलं आणि पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स तिथे खरं कळलं. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. इंजिनाची मोठी कामं त्याच दिवसांत उरकतात.

आता बाजेचं उदाहरण घ्या. चार पायांच्या बाजेवर मधोमध ६०० किलो वजन ठेवलं, तर प्रत्येक पायावर १५० किलो. एक पाय काढा. उरलेल्या तिघांवर २००-२०० येईल असं पटकन वाटतं. तसं होत नाही! काढलेल्या पायाच्या दोन्ही शेजाऱ्यांवर ३००-३०० येतं आणि समोरच्या कोपऱ्यातल्या पायावर शून्य. वजन काढलेल्या पायाकडे जरा जरी सरकलेलं असेल, तर बाज कलंडलीच. इंजिनाचं वजन तर सहसा मधोमध नसतंच, गिअरबॉक्स एका टोकाला लटकलेला असतो.

आणि गंमत अशी की बोटीत एक माउंटिंग काढलं तरी इंजिन पुष्कळदा पडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, जमलं की! खरं तर ते ओझं मागच्या कपलिंगने धरलेलं असतं. हा दांडा फिरण्यासाठी असतो, वजन पेलण्यासाठी नाही. गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि दांड्याचं सील यांच्यावर नको तो ताण येतो. म्हणून टेकू आधी, कपलिंगचे बोल्ट त्यानंतर आणि माउंटिंग सगळ्यांत शेवटी. फ्लँजवर खुणा करून ठेवायच्या, म्हणजे जोडताना ती पूर्वीच्याच जागी बसते.

टेकू कुठे द्यायचा? वरून असेल तर इंजिन उचलण्यासाठी कंपनीने दिलेल्या कड्यांना चेनपुली लावायची. आडवा बीम मात्र बोटीच्या दोन्ही मजबूत बाजूंवर टेकलेला हवा. खालून जॅक असेल तर तो इंजिनाच्या ब्रॅकेटजवळच्या भक्कम भागाखाली. ऑइलच्या चेंबरखाली कधीच नाही; तो पत्रा दबला की आतली ऑइल ओढणारी जाळी अडते. पुढच्या पुलीखालीही नाही. जॅकच्या बुडाशी जाड फळी आडवी टाकायची, म्हणजे भार दोन-तीन फासळ्यांवर वाटला जातो. आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नये. शेजारी लाकडी ठोकळे रचलेले हवेतच, कारण हायड्रॉलिक जॅक हळूहळू बसतो आणि तेवढ्यात बोटं जातात.

उचलायचं किती, तर जुनं माउंटिंग निघेल इतकंच, काही मिलिमीटर. त्याआधी डिझेलचे पाइप, एक्झॉस्ट, गिअरची केबल हे सगळं सुटलेलं किंवा सैल आहे ना, ते पाहायचं. मला विचाराल तर एका वेळी एकच माउंटिंग बदलावं.

जीपचं रबर घालून भागेल का, असं आमच्या एका मित्राने विचारलं. भागत नाही. गाडीत ढकलणारं बळ चाकांकडून येतं. बोटीत मात्र बहुधा प्रॉपेलरचा सगळा रेटा गिअरबॉक्समधून या माउंटिंगवरच येतो. त्यामुळे ते पुढे-मागे कडक असावं लागतं.

जुन्या माउंटिंगची उंची मोजून नवं तेवढंच ठेवणंही चुकीचं, जुनं रबर दबलेलं असतं. मोजायचं ते कपलिंगवर. दोन फ्लँजमधली फट फीलर गेजने चार ठिकाणी पाहायची. १५० मिलिमीटर व्यासाला साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. नवं रबर वजनाखाली एक-दोन दिवस बसू द्यायचं. बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना तिचं अंग थोडं वाकतं, म्हणून पक्की मोजणी बोट पाण्यात उतरल्यावरच घेतात आणि कपलिंगचे बोल्ट त्यानंतर आवळतात.