नाबालाचं घर आणि अबीगईलची शहाणी घाई

वाचन : १ शमुवेल २५:२-३८



नाबालाकडे तीन हजार मेंढरं आणि एक हजार शेरडं होती. लोकर कातरायचे दिवस, म्हणजे घरात सुगीच. दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या कळपाची रात्रंदिवस राखण केली होती. म्हणून दाविदाने दहा तरुण पाठवले आणि सणाच्या दिवशी जे हाताला येईल ते द्या, एवढंच मागितलं. नाबालाचं उत्तर अकराव्या वचनात आहे. भाकर माझी, पाणी माझं, मांस माझं. ज्यांनी राखण केली, त्यांना त्यात वाटा नाही.

इकडे दावीद चारशे माणसं घेऊन तलवारीनिशी निघाला. एक स्वार्थाने आंधळा, दुसरा रागाने. मधे निरपराध गडीमाणसं मरणार होती.

अबीगईलने काय केलं बघा. तिने चाकराचं ऐकून घेतलं. नवऱ्याशी वाद घालत बसली नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं मांस, भाजलेलं धान्य, मनुका, अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादून पुढे पाठवल्या आणि मागून स्वतः गेली. दाविदाच्या पाया पडून दोष स्वतःवर घेतला. उद्या राजा झाल्यावर विनाकारण सांडलेलं रक्त मनाला टोचू नये, हेही त्याला समजावलं. आणि नाबाल दारूत होता तोवर गप्प राहिली. सकाळी त्याची नशा उतरल्यावर सगळं सांगितलं.

हा अध्याय वाचताना मी कायम दाविदाच्या बाजूला उभा असायचो. गेल्या उन्हाळ्यात जागा बदलली.

आमच्या बिडकीनच्या शेतात एका मेंढपाळ मामांनी चार रात्री मेंढ्या बसवल्या. रानाला लेंडीखत मिळालं. ठरलेली ज्वारी न्यायला त्यांचा मुलगा दारात आला. मी लॅपटॉपवर, ऑफिसच्या कॉलमध्ये. “चारा आमचाच खाल्ला ना? मग ज्वारी कसली?” असं म्हणून मोकळा झालो. पोरगा काही न बोलता निघून गेला.

आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. पायलीने ज्वारी मोजली, वर गूळ ठेवला आणि धाकट्याच्या गाडीवर बसून मेंढ्यांच्या वाड्यावर गेली. “पोराचं चुकलं, पदरात घ्या,” म्हणाली. मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर कळलं. तो घास घशाखाली उतरेना. नाबाल मीच होतो.

त्याच संध्याकाळी मी वाड्यावर जाऊन माफी मागितली. मामांनी हसून बसायला घोंगडी टाकली.

प्रियांनो, मध्यस्थी म्हणजे फक्त कोणासाठी गुडघे टेकणं नाही. कधी पायलीने धान्य मोजावं लागतं, कधी दुसऱ्याची चूक आपल्या डोक्यावर घ्यावी लागते. अबीगईलने दोष मागून घेतला. आपल्या प्रभूने तर तो वधस्तंभावर वाहिला, आणि आजही तो पित्याजवळ आपल्यासाठी विनंती करतो (रोमकरांस ८:३४).

आज स्वतःला विचारू या : माझ्या “माझं, माझं”मुळे कोणाचं देणं राहिलंय? आणि कोणत्या दोघांच्या मधे मी आजच जायला हवं?

प्रार्थना : प्रभू येशू, माझ्यातला नाबाल मला दाखव. बोलायचं कधी, गप्प राहायचं कधी आणि हात कधी सैल सोडायचा, हे शहाणपण मला दे. आमेन.