बंद पाकीट

मंडळी, रात्री डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत तुम्ही कधी पडला आहात का? पडला असालच. दिवसा कामाच्या धांदलीत चिंता मागे राहते. रात्र झाली, दिवा विझला, की ती उशाशी येऊन बसते. दिवसा ती मांजराएवढी असते, रात्री हत्तीएवढी होते.

अशाच एका माणसाची हकीकत आज वाचू. पुरुषोत्तमनगर तुम्हाला ठाऊकच आहे. सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव सगळ्या खानदेशात लोकांच्या तोंडी बसले. तिथून जवळच्याच एका खेड्यातले हे गृहस्थ. त्यांचे नाव इथे घालत नाही. वर्गात आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय पन्नाशीच्या पुढे. गेल्या वर्षी आमच्या रात्रीच्या वर्गात ते अक्षरे शिकले. पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले तेव्हा पाटी घरी घेऊन गेले होते, बायकोला दाखवायला!

आबांनी दोन एकरांत पपई लावली. रोपांना, ठिबकला, खताला पैसा लागतो. तो बँकेतून काढला. होळीच्या आधी लागण झाली. आषाढात बाग अशी दिसत होती की रस्त्याने जाणारा थांबून पाहायचा. भाद्रपदात मात्र शेंड्याची पाने पिवळी पडू लागली. ती आकसली, वेडीवाकडी झाली. फळांवर गोल गोल ठिपके आले आणि फळ वाढेना.

हा विषाणूचा रोग आहे. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोग लागलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते उपटून शेताबाहेर नष्ट करावे लागते. हे आबांना तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांनी तीन औषधे फवारली. पैसा गेला, रोग राहिला. मग त्यांच्या मनाने घेतले, की बागेला कोणाची तरी नजर लागली. कोणाची? तर धाकट्या भावाची. दोघांचा बांधावरून जुना वाद. आबांनी भावाशी बोलणे टाकले. मग शेजाऱ्याशी टाकले. मग पारावर जाणे सोडले. वर्गात येणेही थांबले. "लोक काय म्हणतील? आबाने बायकोचं ऐकलं नाही, पपईच्या नादाला लागला आणि बुडाला, असंच ना?" हे त्यांचे मलाच बोललेले शब्द, पण पुष्कळ नंतर.

त्यातच पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. पाकीट बँकेचे होते. वरचे नाव आबांनी वाचले. आपलेच. पाकीट न फोडता त्यांनी ते देवळीत, देवाच्या फोटोमागे ठेवले.

बायको म्हणाली, "अहो, वाचून तरी पाहा."

"वाचून काय करू? मला ठाऊक आहे. जप्ती आली."

बारा दिवस पाकीट तसेच होते. बारा रात्री आबा जागे होते. मनात नको नको ते विचार येत होते. विहिरीकडे पाहायची भीती वाटायची, असे ते सांगतात.

तेराव्या दिवशी सकाळी बायकोने गळ्यातली पोत काढली, रुमालात बांधली आणि पिशवीत घातली. "नंदुरबारला जा. शहाद्यात नको, इथे सगळे ओळखीचे. मोडून या." एवढेच बोलली. पिशवीत तिने आणखी काय ठेवले ते आबांनी पाहिले नाही.

आबा शहाद्याहून नंदुरबारच्या एसटीत बसले. गाडी प्रकाशापर्यंत गेली आणि चाक बसले. कंडक्टर म्हणाला, "उतरा मंडळी, अर्धा-पाऊण तास लागेल." लोक कुरकुरत उतरले. आबाही उतरले. मनात म्हणाले, आपल्या नशिबाला चाकसुद्धा धड नाही.

रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीपाशी एक मालट्रक उभा होता. त्यात माणसे भरलेली. गाठोडी, पातेली, सरपण, कोंबड्या, एक शेळी आणि पोरे. अक्राणीच्या डोंगरातली ही माणसे ऊसतोडीला बारडोलीकडे निघाली होती. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून अशी कितीतरी कुटुंबे सुरत भागात जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते, हे मला तरी कधी गोड वाटले नाही. निघण्याआधी मुकादम त्यांना आगाऊ पैसे देतो. त्याला उचल म्हणतात. ती पुढे ऊस तोडून फेडायची. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते.

ट्रकमधली एक बाई खाली उतरली होती. कडेवर लहान पोर. तिने आबांच्या खिशाला पेन पाहिले. वर्गात सगळ्यांना मिळाले होते ते. आबा वर्गात येत नव्हते, पण पेन खिशाला लावायची सवय गेली नव्हती.

"भाऊ, वाचता येतं का तुला?"

आबा गडबडले. 'येतं' म्हणावे की 'नाही'? शेवटी म्हणाले, "थोडं थोडं येतं."

तिने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "उचल किती लिवली ते सांग."

आबांनी कागद हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्यासाठी वाचत होते. घाम फुटला. बोट ठेवून एक एक अक्षर लावले. नाव, गाव, कोयता एक. मग आकडा. दोन वर चार शून्ये. पुन्हा मोजली.

"वीस हजार."

बाई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आम्ही पंधरा घेतले. पंधराच मोजून दिले. माझ्या हातात मोजले."

तिचा नवरा आला. आणखी दोघे-तिघे आले. मुकादमाला बोलावले. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "लिहिणाऱ्याची चूक झाली असेल." असेलही. आबा म्हणाले, "मग दुरुस्त करा, आणि खाली सही करा." हे इतक्या ठाम आवाजात कसे निघाले ते त्यांचे त्यांना कळले नाही. मुकादमाने आकडा खोडला, १५,००० लिहिले, सही केली. आबांनी वर्गातली गोष्ट आठवून आकड्यापुढे अक्षरात लिहायला लावले, 'अक्षरी पंधरा हजार फक्त'. आकड्याचे शून्य वाढवता येते, अक्षरांचे तसे सोपे नसते. हे तुम्हीही ध्यानात ठेवा. पावती असो, उसनवारीचा कागद असो, रक्कम अक्षरातही लिहून घ्या.

मग बाकीच्यांनीही आपापले कागद काढले. आबांनी पाच कागद वाचले. ते पाचही बरोबर होते.

बाईने विचारले, "भाऊ, तू कुठं चालला?"

"नंदुरबारला. जरा काम आहे."

"घरी समदं बरं ना? तोंड उतरलंय तुझं."

आबांना काय झाले कोण जाणे, त्यांनी त्या अनोळखी बाईला सगळे सांगितले. पपई, भाऊ, पाकीट, पोत. जे भावाला, बायकोला, मला सांगितले नव्हते ते तिला सांगितले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि पाकिटात काय लिवलंय?"

"फोडलं नाही."

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. "तुला वाचता येतं आणि तू फोडलं नाही?"

एवढ्यात ट्रकने हॉर्न दिला. पोराला वर देऊन ती चढली आणि ट्रक गेला.

एसटीला अजून वेळ होता. आबा चालत घाटावर गेले. प्रकाशाला आपण दक्षिण काशी म्हणतो. गोमाई नदी इथे तापीला मिळते. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे ती ट्रकातली माणसे आणि हे पाणी, दोघेही एकाच दिशेला निघालेले! घाटावर एक म्हातारा गृहस्थ अस्थी विसर्जन करून बसला होता. आबांनी विचारले, "कोण गेलं बाबा?" तो म्हणाला, "मुलगा." मग दोघेही काही बोलले नाहीत. बराच वेळ जवळ जवळ बसून राहिले. म्हाताऱ्याने उठताना आबांच्या खांद्यावर हात ठेवला. खरे तर आबांनी त्याच्या खांद्यावर ठेवायचा.

जाता जाता सांगतो, ह्याच प्रकाशाला १९५५ साली भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. रंगवलेली मडकी निघाली. त्या काळीही इथे कोणी पेरत होते, कोणाचे पीक जात होते, कोणी नदीकाठी असेच बसत असणार.

आबांनी तंबाखूची पुडी काढायला पिशवीत हात घातला. हाताला पाकीट लागले. बायकोनेच ठेवले होते. त्यांनी ते फोडले. वाचायला पाऊण तास लागला. 'थकबाकी' हा शब्द तीनदा लावावा लागला. पण जप्ती हा शब्द त्यात कुठेच नव्हता. इतके व्याज थकले आहे, अमुक तारखेच्या आत शाखेत येऊन भेटावे, असे लिहिले होते. तारखेला सहा दिवस बाकी होते.

नंदुरबारची एसटी निघून गेली होती. आबा रस्त्याच्या पलीकडे गेले आणि शहाद्याची गाडी धरली. बँकेची शाखा तिथेच होती. तिथल्या साहेबाने सांगितले, की कृषी सहायकाला बाग दाखवा, त्यांचा कागद आणा, आणि हप्ते पाडून मिळावेत म्हणून अर्ज करा. होईल की नाही ते वरून कळेल. संध्याकाळी पोत परत बायकोच्या गळ्यात गेली.

शनिवारी आबा वर्गात आले आणि हे सगळे त्यांनी सांगितले. एका ताईने विचारले, "म्हणजे दुसऱ्याचं दुःख पाहिलं की आपलं कमी होतं, असं का आबा?"

मला वाटले, आबा हो म्हणतील. ते म्हणाले, "नाही. कर्ज तेवढंच आहे. बाग तर गेलीच. त्या बाईचं ओझं पाहून माझं हलकं झालं असं म्हणू, तर ती लाजेची गोष्ट. पण बारा दिवस मी जे पाहत होतो, ते पाकीट नव्हतंच. ते माझ्या डोक्यातलं होतं. खरं पाकीट एवढंसं निघालं."

त्या दिवशी मी वर्गाला बहिणाबाई चौधरींविषयी सांगितले. ह्या आपल्या खानदेशच्याच. २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. लहानपणी लग्न झाले. तिशीत वैधव्य आले. पदरात मुले होती. लिहिता-वाचता अजिबात येत नव्हते. त्यांनी काय केले? दळता दळता, शेतात राबता राबता आपल्या बोलीत गाणी रचली. घरोट, चूल, विहिरीची मोट, सुगरणीचा खोपा, माणसाचे मन, जे रोज समोर होते त्याच्याकडे पाहिले आणि त्याचे गाणे केले. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ती लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, गाण्यांचे पुस्तक निघाले. आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजातली मुले त्याच विद्यापीठाची पदवी घेतात. ज्या बाईला सही येत नव्हती, तिचे नाव पदवीच्या कागदावर!

त्यांचे दुःख काही दळणाने पिठासारखे बारीक झाले नसेल. पण त्या घरोटापाशी मुक्या बसल्या नाहीत, एवढे खरे.

एक कामाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. आबांना विहिरीची भीती वाटत होती, ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. असे विचार कोणाच्या मनात आले, तर त्या माणसाला एकटे सोडू नका. १४४१६ हा नंबर लावा. 'टेलि मानस' नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दिवसा-रात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. नंबर वहीत अंकांत लिहा, आणि भिंतीवरही लिहा.

पुढच्या आठवड्यात आबांनी बागेतली रोगट झाडे उपटायला घेतली. पहिल्याच दिवशी बांधापलीकडून धाकटा भाऊ आला. हातात कुऱ्हाड. आबा दचकलेच. तो म्हणाला, "काय व्हयनं भाऊ? एकटाच का लागलास?" त्याच्या शेतातली पपईही तशीच गेली होती. आबांनी महिनाभर तिकडे मान वळवून पाहिलेच नव्हते! बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. झाडे मात्र दोघांनी मिळून काढली, आधी ह्याची, मग त्याची.

बँकेचे उत्तर यायचे आहे. आबा रोज पोस्टमनची वाट पाहतात. त्या बाईचे नाव मात्र त्यांना आठवत नाही. कागदावर वाचले होते, पण तेव्हा सगळे लक्ष आकड्याकडे होते. ऊसतोडीच्या टोळ्या उन्हाळ्यात त्याच रस्त्याने परत येतात. तेव्हा दोन-चार दिवस प्रकाशाला टपरीवर जाऊन बसायचे, असे त्यांच्या मनात आहे. पेन खिशाला लावून.