नवा फोन घेण्याआधी: मोबाईलचा कॅमेरा खराब फोटो देतोय, तर काय तपासायचं?



बॅच कुठलीही असो, भांडवल, जीएसटी, मार्केटिंग सगळं बोलून झालं की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझ्या मोबाईलचा कॅमेरा बेकार आहे, मालाचे फोटो चांगले येत नाहीत. कुठला फोन घेऊ?"

कुठला फोन घ्यायचा ते शेवटी बघू. आधी हिशोब करू. सोलापूरकडच्या एक ताई शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय सुरू करत होत्या. एका पाकिटामागे सगळा खर्च जाऊन त्यांना ३० रुपये सुटत होते आणि फोटोसाठी २८,००० रुपयांचा फोन घ्यायचं त्यांनी जवळजवळ नक्की केलं होतं. म्हणजे नुसता फोन वसूल करायला ९३४ पाकिटं विकायची! अजून शंभर पाकिटंही विकली गेली नव्हती. एवढ्या पैशात शेंगदाणा, पाऊच, सीलिंग मशीन असं किती काय येतं ते तुम्हीच बघा. त्यांचा जुना फोन मी हातात घेतला, तेव्हा कॅमेऱ्यावर काचेचा प्रोटेक्टर चिकटवलेला होता आणि त्याच्या खाली धूळ अन् तेलाचा थर होता. प्रोटेक्टर काढला, लेन्स पुसली आणि ताईंना खिडकीजवळ नेलं. फोन घ्यायचा बेत तिथेच बारगळला.

म्हणून आज क्रमाने बघू, दोष नक्की कुठे आहे ते कसं शोधायचं.

पहिली चाचणी: सावलीतला फोटो

सकाळी साधारण नऊच्या सुमारास माल घेऊन अंगणात, गच्चीत किंवा बाल्कनीत जा. थेट ऊन नको, सावली हवी. तिथे एक फोटो काढा. मग तोच माल, तोच फोन, रात्री घरातल्या ट्यूबलाईटखाली. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. बाहेरचा चांगला आणि आतला खराब आला, तर तुमचा कॅमेरा ठीक आहे, कमी पडतोय तो उजेड. दोन्ही खराब आले तरच कॅमेऱ्याकडे वळायचं.

हे असं का होतं? मोबाईलचा सेन्सर अगदी छोटा असतो. उजेड कमी पडला की त्याला एकेका फोटोसाठी जास्त वेळ उजेड गोळा करावा लागतो, तेवढ्यात हात हलतो आणि फोटो पुसट येतो. शिवाय फोन अंधार भरून काढायला सिग्नल वाढवतो, त्यातून ते रवाळ ठिपके येतात. मग सॉफ्टवेअर ठिपके पुसायला जातं आणि त्याबरोबर कापडाची वीण, मसाल्याची भरड, सगळंच पुसून टाकतं. आपण म्हणतो, "कॅमेऱ्यात क्लॅरिटी नाही."

लेन्स, प्रोटेक्टर आणि कव्हर

फोन दिवसभर खिशात, पर्समध्ये, किचन ओट्यावर असतो. बोटाचा एक तेलकट ठसा लेन्सवर असला तरी दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि सगळा फोटो पांढुरका दिसतो. चष्मा पुसायचं मऊ कापड घ्या, वाफ मारा, हलक्या हाताने पुसा. पदर किंवा शर्टाचं टोक नको, त्यात धूळ असते. कॅमेऱ्यावरचा प्रोटेक्टर काढून एक फोटो काढून बघा. फरक दिसला तर तो परत लावू नका. माझं मत स्पष्ट आहे: ज्याचं पोट फोटोवर चालतं, त्याने लेन्सवर स्वस्तातली काच चिकटवू नये. कव्हरची कड लेन्सच्या आड येते का तेही बघा.

पांढऱ्या भिंतीचाही एक फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग दिसत असेल आणि लेन्स पुसूनही जात नसेल, तर आत धूळ गेलीय, काचेवर चरा आहे किंवा सेन्सरला इजा झाली आहे. गणपतीच्या, दहीहंडीच्या मिरवणुकीत लेझरचा शूट करायला आपण फोन वर धरतो ना, तो झोत सरळ लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा जाऊ शकतो आणि फोटोत रेषा उमटतात. ते पुसून किंवा अपडेट करून सुधारत नाही.

दुसरी गोष्ट डिलिव्हरीवाल्यांसाठी. बाईकच्या हँडलवर होल्डर लावून मॅप बघत फिरता? ज्या फोनमध्ये लेन्स स्थिर ठेवणारी ओआयएस यंत्रणा असते, तिला इंजिनच्या सततच्या थरथरीने इजा होऊ शकते. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या फोनबद्दल तशी लेखी सूचनाच दिली होती. होल्डरवर लावायला एखादा जुना फोन ठेवा, फोटोचा फोन खिशातच बरा.

झूम करू नका, पुढे-मागे सरका

बोटांनी झूम केलं की बहुतेक साध्या फोनमध्ये चित्र फक्त कापून मोठं केलं जातं. नवीन काही दिसत नाही, आहे ते फाटतं. झूम १ वर ठेवा आणि मालाकडे सरका. पण फार जवळही नको, बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला फोकस करायला वीतभर तरी अंतर लागतं. कानातलं, बटण, जरीचा बुट्टा असं बारीक काही असेल तर वीतभर अंतरावरून काढा आणि नंतर क्रॉप करा. मागे तीन-चार कॅमेरे दिसतात त्यावर भुलू नका. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा बऱ्याचदा संख्या वाढवायलाच असतो. मुख्य कॅमेऱ्याने काढून कापलेला फोटो त्याच्यापेक्षा चांगला येतो, स्वतः करून बघा.

आता फोकस. स्क्रीनवर मालावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर-खाली करून उजेड ठरवा. हे का लागतं? कॅमेरा प्रत्येक दृश्याला मध्यम उजेडाचं समजतो. पांढऱ्या कागदावर माल ठेवला की त्याला वाटतं फार उजेड आहे, मग तो फोटो काळपट करतो. काळ्या कापडावर उलट, माल फिका पडतो. पांढऱ्यावर थोडं वाढवायचं, काळ्यावर थोडं कमी करायचं. एवढं एक हाताला बसलं की निम्मं काम झालं.

रंग: खरा तोटा इथे होतो

माझं साड्यांचं दुकान आहे, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्त बोलणार. पुसट फोटो पाहून गिऱ्हाईक फार तर पुढे सरकतं. चुकीच्या रंगाचा फोटो पाहून ते ऑर्डर देतं आणि मग पार्सल परत येतं. रामा रंग फोटोत निळा, आमसुली तपकिरी, मोतिया पिवळट. दोन्ही वेळचं कुरिअर आपल्या खिशातून, वर साडीची घडी मोडलेली.

कारण बहुतेक वेळा मिसळलेला उजेड असतं. खिडकीतून येणारा उजेड निळसर, पिवळा एलईडी केशरी, ट्यूबलाईटला कधी हिरवट झाक. कॅमेरा एका वेळी एकच उजेड सरळ करू शकतो. म्हणून एकच ठेवा. दिवसा खिडकीजवळ काढताय तर घरातले सगळे दिवे बंद. रात्रीच काढायचं असेल तर एकाच प्रकारचे दोन पांढरे बल्ब, दोन्ही बाजूंनी, आणि बाकी अंधार.

राणी आणि गडद लाल रंगात कॅमेरा हमखास फसतो. लाल रंग भरून वाहतो आणि वीण दिसतच नाही, नुसता एक रंगाचा गोळा. तिथे उजेड थोडा कमी करून काढा, पोत परत येतो. ब्युटी मोड, फिल्टर आणि एआय सीन बंद. एआयला चटणी दिसली की तो 'फूड' समजून लाल अजून भडक करतो. फोटो छान वाटतो, पण पाकीट फोडल्यावर गिऱ्हाईक विचारतं, "हे तेच का?"

यात कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे जाहिरातीत दाखवलेल्या गुणवैशिष्ट्यांशी माल जुळत नसेल, तर ऑनलाइन मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. फोटो हीसुद्धा तुमची जाहिरातच.

दोनशे रुपयांचा स्टुडिओ

चकचकीत पाऊच, स्टीलची भांडी, बेन्टेक्सचे दागिने यांच्यावर उजेडाचा पट्टा उमटतो. फ्लॅश मारला तर आणखी. फ्लॅश बंदच ठेवा. खिडकीच्या काचेवर बटर पेपर चिकटवा, उजेड मऊ होतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, सावलीची बाजू भरून निघते. माल पांढऱ्या कार्डशीटवर ठेवा आणि शीट मागे भिंतीला वळवून चिकटवा, म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबतानाची थरथर फोटोत येत नाही.

ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी लागते आणि मालाने चौकटीचा साधारण ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. झूम चालायला फोटोची मोठी बाजू किमान १००० पिक्सेल ठेवा. इतके पिक्सेल सात-आठ वर्षं जुना फोनही सहज देतो. खाद्यपदार्थवाल्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूचाही फोटो टाका, त्यात एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर आणि तारीख वाचता आली पाहिजे.

आणि फोटो चांगला काढून व्हॉट्सॲपवर बिघडतो, हेही बघितलंय. साधा पाठवला की तो लहान करून जातो. एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डिझायनरला पॅकेटसाठी फोटो द्यायचा असेल तर नेहमी डॉक्युमेंटच.

व्हिडिओत काळे पट्टे येतात?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर किंवा अँटी-बँडिंग असेल तर ५० हर्ट्झ करा. नसेल तर दिवसाच्या उजेडात शूट करा.

कॅमेरा उघडतच नाही, अडकतो, काळी स्क्रीन येते

आधी फोन रिस्टार्ट. मग स्टोरेज बघा. व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंग फोटोंनी फोन गच्च भरलेला असतो, दोन-चार जीबी तरी मोकळे ठेवा. नंतर सेटिंगमधून कॅमेरा ॲप फोर्स स्टॉप करून कॅशे साफ करा, गॅलरीतले फोटो त्याने जात नाहीत. मेच्या उन्हात फोन तापला असेल तर थंड होऊ द्या, तापलेला फोन फ्लॅश आणि कधी कॅमेराच बंद करतो. व्हॉट्सॲपच्या कॅमेऱ्यातही काळंच दिसत असेल तर दोष मशीनमध्ये आहे, रिपेअरवाल्याकडे जा.

पावसाळ्यात लेन्सच्या आत वाफ दिसली तर फोन बंद करून लवकर दाखवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याचा भुगा आत जातो. बाहेरची काच फक्त चरे पडलेली असेल तर कित्येक फोनमध्ये तेवढीच बदलून मिळते, अख्ख्या कॅमेऱ्यापेक्षा बरीच स्वस्त. दुकानदाराला आधी तेच विचारा, तो स्वतःहून सांगेलच असं नाही.

एवढं करूनही फोन घ्यावाच लागला, तर मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. ५० मेगापिक्सेलवाला फोनही बहुधा चार-चार पिक्सेल जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस आहे का, सेन्सर केवढा आहे, एवढं बघा. दुकानात जाताना तुमचा एक माल सोबत न्या, साडी असेल तर ब्लाऊजपीस, मसाला असेल तर पाकीट, आणि तिथल्याच पांढऱ्या-पिवळ्या दिव्यांखाली फोटो काढून रंग जुळतो का ते पैसे देण्याआधी बघा.